कागदावरचा रंगारी

बाईंनी बाराखडीचा तक्ता खिळ्यावरून काढला, वर्गाच्या मधोमध फरशीवर पसरला आणि 'क'च्या ओळीत सरळ कात्री घातली.

एकतीस पोरं भोवती उकिडवी बसून बघत होती. तो तक्ता म्हणजे शाळेची शान होती. कापडी पाठीचा, वर-खाली लाकडी दांडी, दर वर्षी मुख्याध्यापक स्वतः येऊन त्यावरची धूळ फुंकायचे. त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे. आणि आता नशीब बघा, ते नेमके त्याच वेळी दारात येऊन उभे राहिले.

त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. बाई मान वर न करता म्हणाल्या, "सुटं करतेय."

मोठ्या सरांच्या तोंडाचा आ झाला तो बराच वेळ मिटला नाही. मग बाईंनी एका पोराला उठवलं आणि अजून न कापलेल्या भागातल्या एका अक्षरावर बोट ठेवलं. पोरगं पहिल्या अक्षरापासून सुरात गायला लागलं. गात गात, डोलत डोलत त्या अक्षरापर्यंत आलं आणि थांबलं. बाईंनी तेच अक्षर कापून हातात धरलं आणि विचारलं हे काय, तर पोरगं छताकडे बघायला लागलं. बसमधून मधल्याच थांब्यावर उतरवलं की माणूस कसा बावचळतो, तसं.

"गाणं येतंय सर," बाई म्हणाल्या, "अक्षर येत नाही."

सर म्हणाले की पिढ्यान् पिढ्या असंच शिकल्या. बाई म्हणाल्या, तेच तर. सर निघून गेले. तेव्हापासून बाईंचं नाव पडलं कात्रीबाई. त्याआधी शाळेतला शिपाई त्यांना पाठीमागे 'तात्पुरत्या' म्हणायचा, त्यापेक्षा कात्रीबाई बरं.

तात्पुरत्या म्हणायचं कारण असं की नऊ वर्षं त्या तशाच होत्या. अकरा महिन्यांची ऑर्डर यायची, मग एक महिना घरी, मग पुन्हा नवी ऑर्डर. वेल्डिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या, त्यांचा वायरमन नवरा आणि सासूबाई असे तिघं राहायचे. सासूबाईंची जीभ म्हणजे दाढीचं पातं. दर वर्षी त्या एका महिन्यात त्या सुनेला विचारायच्या, "नऊ वर्षं तात्पुरती म्हणजे कमाल आहे बाई. आमच्या घरात तरी कायम आहेस ना, का तिथंही ऑर्डर येते?" नवरा हसायचा. बाईपण हसायच्या. पण भांडी जरा जोरात आपटायच्या.

त्या वर्षी मात्र खरंच कायम व्हायची संधी आली. वरून पत्र आलं. पहिलीच्या सगळ्या वर्गांची दर वर्षीची वाचन तपासणी होणार. एक मिनिटात पोरगं किती शब्द वाचतं ते साहेब मोजणार. वर्गाची सरासरी तीसच्या वर गेली तर तात्पुरत्या बाई कायम. खाली आली तर पुढची ऑर्डर नाही. म्हणजे यंदा कुलूप किंवा किल्ली, मधलं काही नाही.

आता कुणीही शहाणं माणूस काय करेल? शेजारच्या वर्गात थोरल्या बाई काय करत होत्या ते बघेल. थोरल्या बाईंची नोकरी संपायला चार-पाच महिने उरलेले, शाळेत मान मोठा, आणि बाई स्वभावाने सोन्यासारख्या. डबा कधी एकट्या खायच्या नाहीत. तर त्या काय करायच्या, की तपासणीचा जो उतारा असतो, तो पोरांकडून पाठ करून घ्यायच्या. उतारा गुप्त असतो म्हणे. कसला गुप्त. सहा वर्षं तोच होता. एक ससा, त्याला हवं असतं घर, मग तो झाडाकडे जातो, बिळाकडे जातो, शेवटी गवतात झोपतो. गावातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ होता. थोरल्या बाईंना यात काही खोटं वाटत नव्हतं. त्याही अशाच शिकल्या होत्या, त्यांच्या बाईही.

कात्रीबाईंचं डोकं उलटं. त्यांचं म्हणणं, आधी आवाज. पोरांना सवय लागली होती 'क कमळाचा, प पतंगाचा' म्हणायची. फळ्यावर 'कप' लिहिला तर एक पोरगं छाती फुगवून म्हणालं, "कमळ पतंग." त्याची चूक काय? त्याला जे विकलं तेच त्याने परत दिलं.

मग बाईंनी कमळ आणि पतंग हद्दपार केले. कापलेली अक्षरं साबणाच्या रिकाम्या डब्यात भरली आणि वर्गात जो प्रकार सुरू झाला तो बाहेरून बघणाऱ्याला वेड्यांचं इस्पितळ वाटावा. एकतीस पोरं नाक दाबून 'म' म्हणायचा प्रयत्न करतायत आणि तो निघत नाही म्हणून खिदळतायत. गळ्यावर हात ठेवून 'क' म्हणतायत, मग 'ग' म्हणतायत, आणि 'ग'ला हाताखाली गळा थरथरला की एकमेकांचे गळे धरून खात्री करतायत. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'प' आणि 'फ' म्हणतायत, कुणाची पट्टी जास्त उडते बघतायत. आवाज आला की अक्षर. दोन आवाज शेजारी ठेवले, हळूहळू जवळ ओढले, चिकटले, की शब्द. चिकटला की पोराच्या तोंडावर जे काही यायचं ते बघायला बाई नऊ वर्षं तात्पुरत्या राहिल्या होत्या, असं त्यांचा नवरा म्हणायचा.

दुसरं खूळ चित्रांचं. पुस्तकात शेळीचं चित्र, खाली लिहिलंय 'करडू'. पोरं चित्र बघून ठोकून देणार, शेळी. म्हणून बाईंनी वर्गातल्या सगळ्या पुस्तकांतल्या चित्रांवर जुन्या वह्यांच्या कागदाचे तुकडे चिकटवले. आधी वाच, मग तुकडा उचल. मोठ्या सरांनी ती पुस्तकं बघितली आणि म्हणाले की बाई, तुम्ही शाळा चालवताय की बँडेजचं दुकान.

घरून तक्रारी आल्या. इस्त्रीवालीची पोरगी होती वर्गात, भिंगरी म्हणायचे तिला, कारण एका जागी टिकायची नाही. इस्त्रीवाली गरम इस्त्री तशीच ठेवून शाळेत आली आणि म्हणाली की माझी पोर घरात नाक दाबून फुसफुसत हिंडते, शेजारीण विचारते हिला दमा आहे का. दुसऱ्या एकाचा बाप आला. त्याचं पोरगं रस्त्यात दर दुकानाच्या पाटीपुढे थांबतं, अर्धा तास लागतो घरी पोचायला, आणि परवा त्याने भिंतीवर वाचलं 'येथे उभे राहू नये' आणि बापाला हाताला धरून तिथून हलवलं. चारचौघांत. बाप तिथे कशासाठी उभा होता ते त्याने सांगितलं नाही.

पण गाडी हळू होती, हे खरं. थोरल्या बाईंची पोरं मिनिटाला साठ शब्द सोडायची, पत्र्यावर गारा पडाव्या तशी. कात्रीबाईंची पोरं वीस, बावीस. भिंगरी तेवढी तीसला टेकायची. बाईंना मोजता येत होतं. नोकरी बोटांवरून खाली घरंगळतेय हे त्यांना दिसत होतं.

तपासणीला तीन आठवडे उरले तेव्हा मोठ्या सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि नीट, प्रेमाने सांगितलं की आता कात्री ठेवा आणि ससा घ्या. बाई घरी आल्या. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाले. सांगितल्यावर त्या पहिल्यांदाच टोमणा न मारता म्हणाल्या, "घे की गं ससा. कुणाचं काय जातंय?"

खोटं कशाला बोला, बाईंनी घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गात उभ्या राहिल्या आणि 'एक होता ससा' म्हणाल्या आणि म्हणाल्या, माझ्यामागे म्हणा. पोरांनी दोन ओळी म्हटल्या. मग भिंगरी उठली आणि विचारलं, "बाई, कागद कुठाय?"

बाई म्हणाल्या, कागद नंतर.

"मग वाचायचं कशातून?"

बाईंनी साबणाचा डबा काढला. ससा तिथेच मेला.

तपासणीच्या दिवशी साहेब आले. एका हातात स्टॉपवॉच, एका हातात पॅड, पॅडला त्यांची स्वतःची खुणा केलेली प्रत लावलेली. सोबत छापील कागदांचा गठ्ठा. नियम असा की ज्या बाईंचा वर्ग त्या बाई खोलीत नको. पोरगं समोर बसणार, गठ्ठ्यातला एक कागद उचलणार, वाचणार. साहेब पोराकडे बघत नाहीत, पोराच्या कागदाकडे तर मुळीच नाही. ते आपल्या प्रतीवर शब्दाशब्दाला टिक करत जातात.

आधी थोरल्या बाईंचा वर्ग झाला. कात्रीबाई पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होत्या, खिडकीतून आवाज येत होता. ससा, घर, झाड, बीळ, गवत, धडाधड. चाळीस पोरं, चाळीस ससे. साहेबांचं पेन थांबायला तयार नाही.

मग कात्रीबाईंची पोरं. सावकाश. भिंगरीचा नंबर आला तो त्यांना आवाजावरून कळला. पहिल्या तीन ओळी ससाच होता. चौथ्या ओळीला भिंगरी म्हणाली, "रं… गा… री. रंगारी."

बाईंना वाटलं ऐकण्यात घोळ झाला. पण भिंगरी पुढे चाललेली. रंगाऱ्याने शिडी लावली. भिंत पिवळी केली. वर एक पक्षी बसला होता. तेवढ्यात शिपायाने येऊन बाईंना तिथून हटवलं, की नियम म्हणजे नियम. त्या हटल्या. सशाच्या गोष्टीत रंगारी कुठून आला? म्हणजे पोरगी ठोकून देत होती. चित्रांवर इतके कागद चिकटवले आणि पोरगी शेवटी मनाचंच बोलली.

संध्याकाळी साहेबांचा शेरा मोठ्या सरांनी वाचून दाखवला. थोरल्या बाईंच्या वर्गाला उत्तम. कात्रीबाईंच्या वर्गाबद्दल लिहिलं होतं की एकतीसपैकी बहुतेक मुलांनी सारखीच चूक केली, याचा अर्थ शिक्षिकेने त्यांच्याकडून भलताच उतारा पाठ करून घेतला आहे. घोकंपट्टीची पद्धत सोडावी.

ज्या बाईने घोकायला नकार दिला तिला घोकंपट्टीचा शिक्का, आणि शेजारी चाळीस पोपट पहिल्या नंबरात. थोरल्या बाईंनी खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही वाईट वाटलं, मनापासून.

सगळी पोरं गेली होती. भिंगरी तेवढी आईची वाट बघत पायरीवर उड्या मारत होती. बाईंनी तिला धरलं. एरवी त्या पोरांवर आवाज चढवायच्या नाहीत, पण त्या दिवशी चढला. विचारलं, रंगारी कुठून आणलास.

"कागदातून."

"कागदात ससा आहे."

"आधी ससा आहे. मग रंगारी आहे."

"नाही भिंगरे. मला अख्खा उतारा पाठ आहे."

भिंगरीने बाईंकडे असं बघितलं की जसं काही बाईच कमळ पतंग म्हणाल्या. मग फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि आठ घड्या घातलेला एक कागद काढला. गठ्ठ्यातूनच उचललेला, वर शिक्का, नंबर. बाईंनी विचारलं हा का आणलास. ती म्हणाली, "मिनिट संपलं. पण गोष्ट नव्हती संपली."

बाई पायरीवर बसल्या. कागद मांडीवर उलगडला. तीन ओळी ससा. चौथीपासून रंगारी. शिडी, पिवळी भिंत, पक्षी. रंगारी पक्ष्याला म्हणतो, तू उठेपर्यंत मी तेवढी जागा सोडतो. बाईंनी ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. एकतीस पोरांनी जे छापलं होतं ते वाचलं होतं. आणि त्यांच्या बाईंनी, सगळ्यांत आधी, त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. ते बाईंना नोकरीपेक्षा जास्त लागलं, असं त्या नंतरही म्हणायच्या.

तशाच उठून केबिनमध्ये गेल्या. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, सर, हा वाचा. मोठ्या सरांनी चष्मा लावला, कागद डोळ्यांसमोर धरला आणि सशाची अख्खी गोष्ट धडधडीत वाचून दाखवली. झाड, बीळ, गवत, सगळं. कागद खाली ठेवला आणि म्हणाले, बरोबर तर आहे.

बाईंनी टेबलाला वळसा घातला, सरांच्या शेजारी उभ्या राहिल्या, कागद त्यांच्यापुढे सरकवला. "सर, चौथ्या ओळीवर बोट ठेवा."

सरांनी का कोण जाणे, ठेवलं.

"पहिला आवाज काय?"

सर थांबले. ओठ हलले. "रं," ते म्हणाले. मग पुढच्या अक्षरावर बोट नेलं. मग त्याच्या पुढच्या. बारकं पोर वाचतं तसं. त्यांच्या कपाळावर घाम आला. शब्द चिकटला तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं ते पोरांच्या तोंडावर येतं त्यातलं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला. आवाज अगदी साधा. म्हणाले, बाई, हे बाहेर गेलं तर तपासणी रद्द होईल, तुम्ही कायमही व्हाल, खरंय. पण मग शेजारच्या चाळीस पोरांनी काय वाचलं? थोरल्या बाई दोन महिन्यांनी घरी जातायत, त्यांना असं घालवायचं? आणि हा कागद बाहेर आलाच कसा? तपासणीचा कागद चोरला तर पोराला शाळेतून काढतात, माहितीये ना. कुणी आणला?

बाई म्हणाल्या, "मी."

मोठे सर म्हणाले, मग तर हा विषय बंदच.

पण कात्रीबाईंना विषय बंद करता येत असता तर त्या कात्रीबाई कशाला झाल्या असत्या. दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या कचेरीत गेल्या. तीन तास बाकड्यावर. आत गेल्या, कागद पुढे केला. साहेबांनी शिक्का बघितला. नंबर बघितला. कागद उलटा करून मागची बाजू बघितली. विचारलं, हा तुमच्याकडे कसा. बाई म्हणाल्या, मी उचलला, पण साहेब, एकदा वाचा तरी. साहेबांनी पुन्हा नंबर बघितला आणि तो लिहून घेतला. बाई म्हणाल्या, चौथी ओळ. साहेबांनी सांगितलं की उतारा आम्हाला माहीत आहे, सहा वर्षं तोच आहे. मग फाईल मागवली, तो कागद तिच्यात लावला, फाईलची नाडी बांधली.

पुढची ऑर्डर आली नाही. कारण लिहिलं होतं ते कमी शब्दांचं नाही, चोरीचं. भिंगरीचं नाव बाईंनी नवऱ्यालाही सांगितलं नाही. सासूबाईंनी चार दिवस काही विचारलं नाही आणि पाचव्या दिवशी म्हणाल्या, "झालीस एकदाची कायम. घरी." पण त्याच दुपारी स्वतःची खाट पुढच्या खोलीतून मागे ओढून नेली, की पोरं आली तर बसतील कुठे.

पोरं आली. आधी इस्त्रीवालीने भिंगरीला पाठवलं, मग त्या बापाने, ज्याला भिंतीपासून हलवलं होतं त्याने. आता वेल्डिंगच्या दुकानात ठिणग्या उडतात आणि वर खोलीत वीस पोरं नाक दाबून बसलेली असतात. मोठ्या सरांचा नातू तिसरीत आहे. तो संध्याकाळी येतो, तोंडावर पट्टी धरून 'फ' उडवतो. त्याला कोण सोडायला येतं ते सांगायला नको. ते खालीच थांबतात, वर येत नाहीत.

आणि कागदावर रंगारी कसा आला ते कळलं ते तर पुढच्या वर्षीची तपासणी होऊन गेल्यावर. उतारे छापतात त्या छापखान्यातला बाइंडर बाईंच्या नवऱ्याच्या ओळखीचा. नवरा तिथला पंखा दुरुस्त करत होता तेव्हा बोलता बोलता त्याने सांगितलं की पहिलीच्या उताऱ्याखाली दुसरीचा उतारा चिकटला, साचा लावतानाच चूक झाली, आणि सगळेच्या सगळे गठ्ठे तसेच गेले. त्रेचाळीस शाळांत. छापखान्याच्या मालकाचे दोन महिने झोपेचे वांधे झाले, की आता बोलावणं येईल, मग येईल. कुठूनच काही आलं नाही. तक्रार नाही म्हणून यंदाही त्यांनी तोच साचा चालवला.